जायरो लागत नाही म्हणून विचारलं, तर हसले

या वेळचं पत्र दारव्हा तालुक्यातलं आहे. ते जसं आलं तसंच, थोडं कमी करून देतो. त्यातला बीजीएमआय म्हणजे मोबाइलवर बंदुका घेऊन लढायचा गेम, आधीचा पबजी. जायरो म्हणजे फोन हलवून नेम धरायची त्यातली सोय, गोल्ड ही त्यातली एक रँक, क्लॅन म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांची टोळी आणि नूब म्हणजे अडाणी नवखा.

‘दादा, नमस्कार. माहं वय १९. आयटीआय केलं, आता बाबासंगं वावर पाहातो. दिवाळीनंतर कापसाचे पैसे आले तं बाबानं नऊ हजाराचा मोबाइल घेऊन देल्ला. माह्या गावचे तीन दोस्त चाकणले कंपनीत आहेत. ते रात्री बीजीएमआय खेळतात, तं म्या बी टाकला. जागलीले वावरात जातो, रोही आन् डुकरं लय झाले, तिथं मचाणीवर नेटवर्क बी चांगलं येते. गोल्डपर्यंत तं सहज गेलो. पुढं काहीच समजेना. दोस्तानं त्याच्या क्लॅनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. पन्नासक पोट्टे आहेत, पुण्या-नाशकाचे जास्त. एक दिवस मॅचमधीच विचारलं, भाई ये निळा निळा आ रहा तो खून कायको कम होता. माही हिंदी आयकून सगळे हासले. मंग ग्रुपवर लिहिलं का जायरो चालू करतो तं होत नाही, काय करू. एकानं लिहिलं गूगल कर. एकानं नूब स्पॉटेड. दहा-बारा हासाचे स्टिकर आले. दोस्तानं बी वाचलं, मले दिसलं, पन तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी एक जन पर्सनलवर आला, भाई मी शिकवतो, आयडी-पासवर्ड दे, सेटिंग करून देतो, ३०० रुपये लागतील. इकडं चुलतभाऊ नववीत आहे, तो मांगं लागला का मले शिकव. त्याले म्हनलं गप बस, तुले काय समजते. दादा, एवढं विचारनं चुकीचं आहे का? ग्रुप सोडू का गेमच सोडू? नाव छापू नका.’

मित्रा,

आधी जायरोचं सांगतो. तुझ्या फोनमध्ये बहुतेक जायरोस्कोप नावाचा सेन्सरच नाही. आठ-दहा हजारांच्या बऱ्याच फोनमध्ये कंपन्या तो घालत नाहीत, तेवढाच खर्च वाचतो. फोन आडवा केला की स्क्रीनही आडवी होते, त्यामुळे आपल्याला वाटतं की आत सगळं आहे. पण स्क्रीन फिरवण्याचं काम ॲक्सेलरोमीटर करतो, तो सेन्सर वेगळा. फोन कुठल्या बाजूला कलला हे त्याला कळतं. फोन किती वेगाने फिरतोय हे जायरोला कळतं, आणि हातातला फोन हलवून गेममधला नेम धरायचा तर जायरोच पाहिजे. खात्री करायची असेल तर प्ले स्टोअरवर सीपीयू-झेड नावाचं फुकट ॲप आहे. ते उघडून ‘सेन्सर्स’मध्ये जा आणि यादीत जायरोस्कोप दिसतो का बघ. दिसला नाही तर तू सेटिंगमध्ये ‘स्कोप ऑन’ कर नाहीतर ‘ऑलवेज ऑन’ कर, बंदूक जागची हलणार नाही. फोन बिघडलेला नाही आणि तुझंही काही चुकलेलं नाही.

जायरो नसला तरी खेळता येतं, अंगठ्याने. गोळ्या सुटायला लागल्या की बंदुकीचं तोंड वर उचलतं, तेव्हा स्क्रीनवरचं बोट हळूहळू खाली ओढत राहायचं. किती ओढायचं हे सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे बोट किती हललं की नेम किती हलतो त्याच्या, सेटिंगवर ठरतं. त्यासाठी गेममधल्याच ट्रेनिंग ग्राउंडमध्ये जा. तिथे टीम लागत नाही, रँक जात नाही, कुणी ऐकत नाही. भिंतीवर गोळ्या मार, खुणा कुठे पडतात ते बघ, आकडा थोडा वाढव, पुन्हा मार. एकेएम ही बंदूक हातात फार उसळते, आधी एम४१६ घे. समोरचा लांब असेल तर मॅगझिन एकदम रिकामं करू नकोस, तीन-चार गोळ्या मारून श्वास घे.

आणि ते निळं. शंभर जण एका मोठ्या नकाशावर उतरतात. सगळे लांब लांब लपून बसले तर खेळ संपायचाच नाही, म्हणून गेम निळ्या भिंतीचं एक वर्तुळ आखतो आणि ते लहान करत जातो. वर्तुळाबाहेर राहिलेल्याचं रक्त उतरतं. सुरुवातीला हळू उतरतं, तेव्हा पट्टी बांधून निभतं. शेवटच्या वर्तुळांत मिनिटभरही टिकाव लागत नाही. नकाशावरचं पांढरं वर्तुळ म्हणजे पुढची जागा. निळं जवळ येण्याआधी निघायचं. गाडी दिसली तर सोडायची नाही.

तुझ्या दोन्ही प्रश्नांना एवढंच उत्तर होतं. टाइप करायला फार वेळ लागला नसता. पन्नास जणांतल्या एकालाही तेवढा वेळ नव्हता हे मला पटत नाही, कारण स्टिकर शोधायलाही वेळ लागतोच. मला वाटतं, जायरोचं उत्तर तिथे कुणाला माहीतच नव्हतं. ज्याने वीस-पंचवीस हजारांच्या फोनवर खेळायला सुरुवात केली, त्याने जायरोचं बटण दाबलं आणि ते चालू झालं. न चालणारा जायरो त्याने कधी पाहिलेला नाही. मग असा प्रश्न समोर आला की दोन वाटा राहतात. ‘मला माहीत नाही’ म्हणायचं, नाहीतर ‘गूगल कर’ म्हणायचं. दुसऱ्या वाटेत इज्जत जात नाही.

बघ, हसणारे बहुतेक कोण असतात? नुकतेच वर चढलेले. खरा मुरलेला खेळाडू अशा प्रश्नावर एका ओळीत उत्तर देतो किंवा गप्प बसतो, त्याला काही सिद्ध करायचं नसतं. पण सहा-आठ महिन्यांपूर्वी ज्याला स्वतःला नूब म्हटलं गेलं, त्याला आपण आता त्या पायरीवर नाही हे चारचौघांत दाखवायचं असतं, आणि खालच्या पायरीवर कुणी उभा असल्याशिवाय ते दाखवता येत नाही. तू नेमका तिथे जाऊन उभा राहिलास. त्यातून ‘मी ओल्ड प्लेयर आहे’ म्हणणाऱ्यांचं मला फार हसू येतं. पबजी मोबाइल आला २०१८ साली. २०२० च्या सप्टेंबरात सरकारने त्यावर बंदी घातली, २०२१ मध्ये तो बीजीएमआय नावाने आला, २०२२ ला पुन्हा ॲपच्या दुकानातून, म्हणजे प्ले स्टोअरवरून, उतरवला, २०२३ ला परत आला. म्हणजे या गेममधला सगळ्यात जुना खानदानी खेळाडूसुद्धा २०१८ चा. त्या वर्षी सगळा देश निळ्या भिंतीत मरत होता.

तू सहज गोल्डपर्यंत गेलास आणि मग अडकलास, त्यालाही कारण आहे. खालच्या रँकमध्ये तुझ्यासमोर असलेले बरेच जण माणसं नव्हतीच, बॉट होते, म्हणजे गेमनेच चालवलेले खोटे खेळाडू. नवा माणूस पहिल्याच दिवशी मार खाऊन पळू नये म्हणून गेम त्याला असे सोपे शत्रू देतो. ते उघड्यावर उभे राहतात, नेम चुकवतात आणि मुकाट मरतात. त्यामुळे कोंबड्या, म्हणजे मॅच जिंकल्यावरचे ‘चिकन डिनर’, मिळत जातात, रँक वाढत जाते आणि शिकायचं तसंच राहून जातं. मग एक दिवस खरी माणसं समोर येतात. तुझ्या नावापुढे गोल्ड लिहिलेलं असतं, म्हणून त्यांना वाटतं याला सगळं येत असणार. ही फसगत गेमने केली, पण हसं तुझं झालं.

आता थोडं त्यांच्या बाजूचंही ऐक. निळ्याचा प्रश्न तू चालू मॅचमध्ये विचारलास. ती रँकची मॅच असणार. त्यात टीम लवकर मेली की चौघांचेही पॉइंट कापले जातात आणि चढायला लागलेल्या रात्री वाया जातात. कबड्डीत रेडर मधली रेघ ओलांडून आत गेलाय, कोपऱ्यातले दोघं त्याचा घोटा धरायला टपलेत, आणि आपल्यातला एक जण म्हणतो, ‘बोनस लाइन कोणती बे?’ त्या क्षणी कप्तान त्याला समजावून सांगेल का? शिवीच देईल. हसण्याचं समर्थन मी करत नाही. चिडणं मात्र समजू शकतो. मॅच सुरू व्हायच्या आधी लॉबीत, नाहीतर सगळे मेल्यावर, तोच प्रश्न तोच माणूस ऐकून घेतो.

पण हे सगळं नव्या माणसाने सांभाळायचं, असं मी म्हणणार नाही. खेळ कसा बांधलाय यावर माणसं कशी वागतात हे पुष्कळ ठरतं. फायनल फँटसी फोर्टीन नावाचा एक जपानी गेम आहे, लाखो लोक एकत्र खेळतात. त्यात नव्या खेळाडूच्या नावाशेजारी हिरवा कोंब दिसतो. शिकवायला तयार असलेल्या जुन्यांना मुकुटाची खूण मिळते, आणि नवख्यांना प्रश्न विचारण्यासाठी वेगळं चॅट आहे. यापेक्षा मला आवडते ती दुसरी गोष्ट. एखाद्या गुहेत पहिल्यांदाच उतरणारा कुणी टीममध्ये असेल, तर ती पार केल्यावर सगळ्या टीमला जादा बक्षीस मिळतं. म्हणजे नवखा सोबत असणं तिथे फायद्याचं आहे. आपल्याकडे तोच नवखा पॉइंट खाणारा ठरतो. माणसं तीच असतात रे, हिशेब बदलला की जीभ बदलते.

याहून गमतीचा गेम म्हणजे आइसलंडच्या एका कंपनीचा ईव्ह ऑनलाइन, २००३ चा. अवकाशात जहाजं, व्यापार, युद्ध. फसवणूक, लूटमार, विश्वासघात, सगळं तिथे नियमात बसतं. वर्षभर दोस्ती करून एखाद्या टोळीची तिजोरी साफ केली तरी कंपनी हात लावत नाही. पण नवे खेळाडू जिथून सुरुवात करतात त्या भागात त्यांना छळायला बंदी आहे, छळलंस तर कारवाई होते. शिवाय २००४ पासून खेळाडूंनीच चालवलेली ईव्ह युनिव्हर्सिटी नावाची संघटना नव्यांना धडे देते. एवढ्या निर्दय खेळातल्या लोकांनाही हे कळलं की नवे आले नाहीत तर लुटायला कुणी उरणार नाही.

मोबाइलवरच्या आपल्या क्लॅनमध्ये असा विचार करणारं कुणी नसतं. ॲडमिन म्हणजे ज्याने ग्रुप काढला तो.

‘गूगल कर’वर अजून थोडं बोलू दे, कारण हे उत्तर मला फार खटकतं. ऑनलाइन बुद्धिबळात हा प्रकार इतका जुना झालाय की त्याचा विनोद झाला आहे. नवा माणूस विचारतो, ‘समोरच्याच्या प्याद्याने माझं प्यादं बाजूने जाऊन मारलं, हा गेमचा बिघाड आहे का?’ खाली एकच उत्तर शंभर जण लिहितात: ‘आं पासां गूगल कर.’ नियम खरा आहे. प्यादं दोन घरं उडी मारून शेजारी आलं तर लगेच पुढच्या चालीत त्याला एक घर आल्यासारखं धरून मारता येतं. पण आपल्याकडे आजोबांकडून पारावर बुद्धिबळ शिकलेल्या माणसाला हे कुठून माहीत असणार? देशी खेळात प्यादं एकेक घरच चालतं. उडीच नाही, तर उडी मारणाऱ्याला पकडण्याचा नियम कशाला लागतो? त्या म्हाताऱ्याला खेळ येतो, चांगला येतो, तो फक्त दुसऱ्या नियमांच्या गावाहून आलाय. तुझा जायरोचा प्रश्नही असाच दुसऱ्या गावचा होता, नऊ हजारांच्या फोनच्या गावचा.

शिवाय गूगल करायलाही आधी काहीतरी यावं लागतं. कोणता शब्द टाकायचा हे माहीत असेल तर निम्मं उत्तर आलेलंच असतं. शब्द टाकला की समोर इंग्रजीची पानं येतात. व्हिडिओ बघावा तर हिंदी, दहा मिनिटांचा, त्यातली पहिली तीन मिनिटं ‘भाईलोग सबस्क्राइब’. दिवसाच्या दीड जीबीत घरातल्या सगळ्यांचं भागवायचं असतं. ज्याला उत्तर माहीत आहे त्याच्यासाठी ते दहा शब्दांचं काम, आणि ज्याला नाही त्याची रात्र जाते.

मी अमरावतीला शिकत होतो तेव्हा राजकमल चौकाकडे एका नेट कॅफेत आम्ही काउंटर-स्ट्राइक खेळायचो. तिथेही शिव्या होत्या, बाप्पा, आजच्यापेक्षा कमी नव्हत्या. पण नवा पोरगा एकदम खुर्चीवर बसायचाच नाही. खिशात तासाचे पैसे नसायचे, म्हणून तो आधी कितीतरी दिवस मागे उभा राहून बघायचा. बी दाबलं की बंदुकांची यादी येते, पहिल्या फेरीत महागडं घ्यायला पैसे नसतात, दारामागे कुठे थांबायचं, हे सगळं विचारण्याआधीच त्याच्या डोळ्यांतून आत गेलेलं असायचं. अडाणी प्रश्न त्यालाही पडत होते, पण बघता बघता ते न विचारताच सुटायचे. एखादा राहिलाच तर तो शेजारच्याच्या कानात विचारायचा, पन्नास जणांसमोर नाही. आणि शेजारचा तुमच्याच वर्गातला असला की फार हसायची सोय नसते, उद्या त्याच्याच सायकलवर डबलसीट यायचं असतं. मचाणीवर एकट्याने खेळताना तुला मागे उभं राहायला जागाच नाही. जे बघून कळलं असतं ते तुला तोंडाने विचारावं लागतं, आणि मग वाटतं, आजकालच्या नव्यांना साधं साधंही माहीत नाही.

ही जागा थोडीफार परत मिळवता येते. तू मेलास की लगेच बाहेर पडू नकोस. टीममधला जो जिवंत आहे त्याचा खेळ तुझ्या स्क्रीनवर दिसतो, तो शेवटपर्यंत बघ. घरात शिरण्याआधी तो कुठे थांबतो, पेटीतून काय उचलतो आणि काय सोडतो, वर्तुळ बदलल्यावर कोणत्या वाटेने निघतो. अशा पाच-सात मॅच नीट बघितल्यास तर ग्रुपवर विचारायचे अर्धे प्रश्न उरणार नाहीत. उरलेले खरे प्रश्न.

ते विचारताना थोडी मेहनत घे. ‘जायरो होत नाही, काय करू’ याला उत्तर देणाऱ्यालाच आधी चार प्रश्न विचारावे लागतात, आणि तेवढी चिकाटी फार जणांकडे नसते. असं लिहून बघ: ‘फोन अमुक कंपनीचा, अमुक मॉडेल, रॅम ४ जीबी. जायरो स्कोप ऑन केला, स्कोप लावून फोन हलवला तर नेम हलत नाही. फोन बंद-चालू केला, गेम अपडेट आहे. याच मॉडेलवर कुणाचा जायरो चालतो का?’ हे वाचून तुझ्यासारखाच फोन असलेला एखादा हमखास बोलेल. ग्रुपवर टाकण्याऐवजी एकालाच विचारलंस तर आणखी बरं; जो मॅचमध्ये ‘इकडे ये, पट्टी घे’ असं बोलत असतो त्याला. असा प्रत्येक टीममध्ये एखादा असतो. उत्तर मिळालं आणि काम झालं तर ‘झालं भाऊ’ एवढं परत लिही. बहुतेक लोक लिहीत नाहीत. मग उत्तर देणाऱ्याला वाटतं, आपण विहिरीत बोलतोय.

एवढं सगळं नीट करूनही काही जण हसतील. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे प्रश्न विचारण्यातच काही चूक झाली असं तुला वाटायचं नाही.

तुझ्या हिंदीचं म्हणशील तर ती सगळ्या विदर्भाची हिंदी आहे. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, नागपूर राजधानी होती. हिंदी आपल्याकडे पुस्तकातून आलेलीच नाही, ती बाजारातून आणि रेल्वेच्या डब्यातून आली, म्हणून तिला ‘कायको’ लागलेला आहे. नागपूरचा मोठा व्यापारीही तशीच बोलतो आणि त्याचा माल खपतो. मायकवर एखादा फारच करायला लागला तर त्या एकट्याचा आवाज बंद करता येतो. शिवीगाळ केली तर मॅचनंतर रिपोर्ट कर. त्याच्याशी हिंदीत भांडायला जाऊ नकोस, तेच त्याला पाहिजे असतं.

आता त्या ३०० रुपयेवाल्याचं. पत्रात तू हे ओझरतं लिहिलंस, पण सगळ्यात जास्त काळजी मला याची वाटली. ग्रुपवर हसू झालेला पोरगा दुसऱ्या दिवशी गोड बोलणाऱ्याच्या हाती सहज लागतो, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं. स्टिकर पडत असताना ते गप्प बसून बघतात आणि मग पर्सनलवर येतात. आयडी-पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही. तुझा गेम ज्या गूगल नाहीतर फेसबुकच्या खात्याला जोडलाय तेच खातं त्याच्या हातात जातं, आणि त्याच फोनमध्ये बाबांचं यूपीआय असेल तर पुढचं सांगायला नको. ओटीपी मागितला तर बोलणं तिथेच थांबव. ‘नो रिकॉइल’ची, म्हणजे बंदूक उसळूच न देणारी, फाइल टाकून देतो असं म्हणाला तर समज की ती चोरीची चावी आहे, पकडली गेली की खातं कायमचं जातं, गोल्डसकट. पुढचं आमंत्रणही मला माहीत आहे: कस्टम रूम, म्हणजे त्यांनीच भरवलेली मॅच, ५० रुपये लाव, जिंकलास तर २०० घे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवायला २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. पैसे बुडाले तर मागायला जाशील कुणाकडे? काही दिलं असशील तर लाज बाळगू नकोस, १९३० वर फोन कर, लगेच. सायबर फसवणुकीसाठी तो सरकारी नंबर आहे, आणि जितका उशीर होतो तितके पैसे लांब जातात.

ग्रुप सोडू का, असं विचारलंस. सोड. पन्नास जणांचा तो ग्रुप तुझ्या काही कामाचा नाही. ‘मी जातोय, तुम्ही असे वागलात’ असा मोठा मेसेज लिहून निघू नकोस, त्यालाही स्टिकर येतील. गेम मात्र सोडायचं कारण मला दिसत नाही. जागलीला जागंच राहायचं असतं, तर खेळ. फक्त दोन्ही कानांत हेडफोन घालू नकोस. तिकडे पावलांचे आवाज ऐकता ऐकता इकडे डुकरं हरभरा उकरून जातील आणि बाबा फोनच काढून घेतील.

चुलतभावाला तू ‘गप बस, तुले काय समजते’ म्हणालास. ती ओळ मी दोनदा वाचली. कुठून शिकलास ते विचारत नाही. तो नववीत आहे, म्हणजे अठराच्या आतला. त्याचं खातं काढायचं तर घरच्या मोठ्यांची मंजुरी लागते आणि दिवसाला तीन तासांच्या वर गेम त्याला खेळू देत नाही, तेव्हा आधी काकूंना विचार. तोपर्यंत शनिवारी रात्री त्याला तुझ्यामागे बसवून बघू दे. तो लय विचारेल. पोट्टे विचारतातच.

राहिला तुझा दोस्त. पुण्या-नाशकाचे पन्नास जण हसले ते तू दोन ओळींत लिहिलंस, पण त्याने वाचलं आणि तो बोलला नाही हे लिहिताना तुझं अक्षरही बदललंय, कागदावर पेन जोरात टेकलाय. मला वाटतं, हा गेम तू डाउनलोड केलास तो कोंबड्यांसाठी नाही. तिघं चाकणला गेले, गावात तू एकटा उरलास, आणि रात्री ते जिथे असतात तिथे तुला जायचं होतं. तो का बोलला नाही? त्याच्या जागी राहून बघ. गावाहून आलेला पोरगा, कंपनीत ठेकेदाराकडे, खोलीत सहा जण. त्या ग्रुपवर त्यालाही कधीतरी कुणीतरी हसलं असेल. तुझी बाजू घेतली असती तर ‘तूही तिकडचाच का?’ हे ऐकायची पाळी त्याच्यावर आली असती. तो भ्यायला. वाईट वागला, यात मला शंका नाही. पण तुला हसून तो मोकळा झाला नाही. एकही स्टिकर त्याचा नव्हता, हे तूच लिहिलेल्यावरून दिसतं.

त्याला फोन कर, मेसेज नको. पाळी कोणती आहे ते आधी विचार, रात्रपाळीहून आलेल्या माणसाला सकाळी उठवून असलं बोलायचं नसतं. सरळ म्हण, ‘त्या दिवशी तू काहून नाही बोलला बे?’ आणि मग थांब, त्याला बोलू दे. नंतर हवं तर विचार, रविवारी डुओ खेळतो का. त्यात दोघंच असतात, क्लॅन लागत नाही, आणि रँक नसलेली मॅच निवडली तर पॉइंटचीही भानगड नाही. निळ्याचं आता तुला कळलंय; बाकीचं तो मॅच चालू असतानाही सांगेल, दुसरं कुणी ऐकायलाच नसेल. नाहीच म्हणाला, किंवा फोन उचलला नाही, तर मला पुन्हा लिही.